कापसाचा सोफा

देवळीतलं आमचं घर नव्यानं बांधायचं ठरलं, तेव्हा नकाशा काढायला वर्ध्याहून एक तरुण बाई आल्या होत्या. मला समोरच्या खोलीत सोफा आणि काचेचं दार हवं होतं. बाबांना जुनं घर पाडायचंच नव्हतं, म्हणून ते पाठ करून बसले होते.

बाईंनी टेप काढलाच नाही. भिंतींवरून हात फिरवत हिंडल्या. एका कोपऱ्यात टाचा उंचावून त्यांनी वर चिकटलेला कापसाचा पुंजका काढला आणि बोटांत चोळून पाहिला. मला काही कळेना.

"काका, कापूस इथवर येतो?"

"पंख्याले टेकते," बाबा वळले. "भाव येईपर्यंत इथंच राह्यते."

"मग तुम्ही झोपता कुठं?"

"त्याच्यावरच."

"अन् पाव्हणे बसतात कुठं?"

"तेबी त्याच्यावरच. मस्त ऊब राह्यते."

बाई माझ्याकडे वळल्या. "दादा, सोफा तर तुमच्याकडे आहेच. दरवर्षी शेतातून येतो."

मग कुठं त्यांनी टेप काढला आणि टोक माझ्यापुढे धरलं. मी हात पुढे करायच्या आत बाबा उठले, ते टोक घेऊन थेट दाराशी गेले.

"पोरी, दार मोठं काढजो. कापसाची ट्रॉली लागली पाह्यजे."