राशीसारखी झाकलेली मॉरिस

हातोडी जपून मारायची हे मला माझ्या वस्तादाने शिकवलं. तोंड जपून उघडायचं हे कोणी शिकवलं नाही. पेणजवळ गडबला हायवेवर माझं टपरीवजा दुकान आहे. ट्रक-टेम्पोंचे चेपलेले मडगार्ड ठोकून सरळ करतो, गंजलेला पत्रा कापून तिथे नवा जोडतो, म्हणून लोक मला मिस्त्री म्हणतात. त्या मिस्त्रीने एकदा एक वाक्य सहज टाकलं आणि काळुरामची गाडी गेली. नुसती गाडीच गेली असती तर मी हे सांगत बसलो नसतो.

काळुराम पेणच्या खाडीकाठचा, खारेपाटातला. तीस वर्षं मिठागरात राबून मुकादम झालेला. अंगाने काटकुळा, रंगाने नावाप्रमाणे, आणि स्वभाव असा की कोणी बसायला सांगितलं तर खांद्यावरच्या पंच्याने आधी जागा पुसणार. त्याच्या शेटकडे एक काळी मॉरिस गाडी होती. शेट थकला, गाडी मिठाच्या वखारीत उभी राहिली ती बारा वर्षं राहिली. शेट गेला, मिठागर बंद झालं, आणि शहाण्णव सालच्या होळीनंतर शेटचा मुलगा मुंबईहून येऊन काळुरामला म्हणाला, हवी तर ही घेऊन जा. काळुरामने बैल जुंपून ती अंगणात आणली. पेणच्या एका मेकॅनिकने आठ दिवस खटपट करून इंजिन चालू करून दिलं. मग स्वारी माझ्या दुकानात.

"इंजिन बोलतंय, मिस्त्री. अंगच तेवढं सडलंय."

"तुला कशाला रे गाडी? दारात कोंबड्या पाळायला?"

तो हसला नाही. "मालूला निडीला न्यायचीय," म्हणाला.

मालू म्हणजे त्याची बायको. तिचं माहेर निडी, रोह्याच्या अलीकडे. तिथली जमीन गोडी, मीठ न लागलेली. भात निघालं की त्याच शेतात वाल पेरतात. तिथली पोर खारात दिली हे तिच्या भावाला, कान्हूला, पसंत नव्हतं. पाठवणीच्या वेळी बहीण पाया पडायला वाकली तेव्हा तो चारचौघांत बोलून गेला, "जा गो, आता जनमभर तुजे पाय खारातच." लोक हसले. मालूही हसली म्हणे. पण बाई ते विसरली नाही. विसरणार कशी? मिठागरात उतरून चिखल तुडवायचा, डोक्यावर मिठाची टोपली घेऊन बांधावरून चालायचं. टाचांना भेगा, भेगांत मीठ. माहेरी गेली की भावजयीची नजर आधी पायांवर जायची. शेवटी तिने जाणंच सोडलं. पाच वर्षं झाली होती.

आणि आता, गाडी दारात आल्या आल्या, तिने कान्हूला निरोप धाडला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. पालखीला येईन, आधी तुझ्या दारात उतरेन, यांच्या गाडीने येईन. माझे पाय बघून घे.

"ट्रेनने जा की," मी म्हटलं. "कासूला बसलात की दुसरं स्टेशन निडी."

"ट्रेननी सगलेच जातात, मिस्त्री."

पुढच्या रविवारी मी गॅसचा सिलिंडर टेम्पोत टाकून खारेपाटात गेलो.

गाडी पाहिली आणि शिवी हासडावी असं वाटलं. दाराच्या खालच्या पट्टीवर अंगठा दाबला तर अंगठा आत. पायाखालचा पत्रा पापडासारखा मोडत होता. जिथे म्हणून पत्र्याला घडी होती तिथे पांढरं मीठ साठलेलं. "काळुराम, या गाडीने मीठ खाल्लंय," मी म्हटलं.

"बारा वर्सं खाल्लंय," तो म्हणाला. "आता खाल्ल्या मिठाला जागंल."

दर रविवारी जायचो. तो तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, मी सडलेला पत्रा कापायचो, नवा जोडायचो. त्याला मी बजावून सांगितलं की आधी मीठ निघालं पाहिजे. मीठ आत ठेवून वरून खड्डे बुजवायची लांबी भरली, रंग मारला, तर गाडी नवरीसारखी दिसेल आणि आतून सडत राहील. गोड्या पाण्याने धुवायची, एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

गोडं पाणी हा शब्द मी गडबच्या सवयीने उच्चारला होता. खारेपाटात एप्रिल महिन्यात गोडं पाणी म्हणजे काय असतं हे मला ठाऊक असायला हवं होतं. नळ येईल तेव्हा येईल, नाहीतर टँकर. मालू घरात आलेल्या पाण्यातले दोन हंडे गाडीसाठी बाजूला ठेवायची. स्वतः अंघोळ विहिरीच्या खाऱ्या पाण्याने. एका रविवारी तिच्या दंडावर सुकलेल्या मिठाचे पांढरे डाग बघून मी म्हटलं, "वैनी, जरा आपल्यासाठीही ठेवा पाणी."

"मी काय गंजतंय, भाऊ?" ती म्हणाली आणि तिसरा हंडा ओतला.

मेअखेरीला गाडीला रूप आलं. पायाखाली कोरा पत्रा, दारांच्या खाली नवे तुकडे, सगळ्या अंगावर रेड ऑक्साइडचा तांबडा हात. मला माझ्याच कामाचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. लांबी आणि काळा रंग राहिला होता. पण पाऊस तोंडावर, आणि दमट हवेत रंग धरत नाही. मी सामान आवरलं आणि जाता जाता म्हटलं, "आता चार महिने हात लावू नकोस. नीट झाकून ठेव. पाण्याचा थेंब लागता कामा नये. नवरात्रात येतो."

काळुरामला ते लागलं. "झाकायचं मना शिकवतोस?" म्हणाला.

मला वाटलं, गडी कामाचा आहे, आणून टाकेल एखादी ताडपत्री.

पावसाळ्यात त्याच्याकडे जाणं झालं नाही. रस्ता पाण्याखाली, आणि खड्ड्यांमुळे दुकानात गाड्यांची रांग. श्रावणात पेणच्या बाजारात तो भेटला, हातात मालूसाठी घेतलेल्या नव्या चपला. मी विचारलं, "गाडी कशी आहे?"

"एकदम राशीसारखी झाकलीय," तो म्हणाला. "थेंब जायाचा नाय."

"शाब्बास," मी म्हटलं.

राशीसारखी. मी हा शब्द कानाने ऐकला आणि तिथेच सोडून दिला. गडबचा माणूस आहे मी, पावसाच्या तोंडावर मिठागरं काय करतात हे लहानपणापासून बघितलंय. मिठाच्या राशी पेंढ्याने शाकारतात. थरावर थर, घट्ट दाबून, वरून दोरांनी आवळून. वरचं पाणी वरच्या वर निघून जातं, आणि दिवाळीला रास उघडली की मीठ जसंच्या तसं. काळुराम या कामात उस्ताद होता. त्याने शाकारलेल्या राशीतलं टोपलीभर मीठही कधी वाहून गेलं नव्हतं. शेजारची मिठागरं त्याला मुद्दाम बोलवायची. ज्याच्या घरात तीन पिढ्या झाकणं म्हणजे शाकारणं, त्याला मी झाकून ठेव म्हणून सांगितलं, आणि त्याने माझा शब्द खाली पडू दिला नाही.

नवरात्रात काळ्या रंगाचा डबा आणि लागलाच तर म्हणून गॅसचा सिलिंडर टेम्पोत टाकून गेलो. अंगणात गाडी नव्हती, पेंढ्याची एक सुरेख टेकडी होती. मी टेम्पोतून उतरलो आणि तसाच उभा राहिलो.

"बघ आता," काळुराम म्हणाला. त्याने दोर सोडले. वरचा पेंढा कोरडा, सोनेरी. खालचा काळपट. त्याच्याखालून वाफ आली, उबलेल्या पेंढ्याचा कुबट वास आला, आणि पेंढा ओढला तसा त्याच्याबरोबर तांबडा रंग आला, रंगाबरोबर पत्रा.

"हा पेंढा कुठला?" मी विचारलं.

"राशीवरलाच. बंद मिठागरात पडून होता," तो अजून अभिमानातच होता. "नव्याला उंदीर लागतात. हा मुरलेला, मिठाचा. याला वालवी पन शिवत नाय."

चार महिने. मिठात मुरलेला, ओलसर, उबारा धरलेला पेंढा, रेड ऑक्साइडच्या एका पातळ हातावर घट्ट आवळून. बारा वर्षांत वखारीने जे केलं नव्हतं ते त्याने एका पावसाळ्यात केलं होतं. मी जोडलेल्या पत्र्यावरून हात फिरवला तर ओंजळभर गंज हातात आला. मला ओरडायचं होतं, आणि कोणावर ओरडायचं ते कळेना.

तो बराच वेळ गाडीभोवती फिरला. मग म्हणाला, "किती दिवस लागतील? दसऱ्याला पाच हायत."

मी गॅस पेटवला. माहीत असूनही पेटवला, कारण मालू दारात येऊन उभी होती. जोडायला दोन्ही बाजूंना पत्रा लागतो. ज्योत लावली की भोक मोठं होत होतं. नव्या तुकड्याला धरायला जुनं काही उरलंच नव्हतं. तीन दिवस मी ते केलं. चौथ्या दिवशी गॅस संपला, आणि दुसरा सिलिंडर आणतो असं मी म्हटलं नाही.

दसऱ्याला सकाळी गेलो, नुसता आपट्याची पानं द्यायला. गडबहून एक मिनिडोर रिक्षा ठरवतो असं मनाशी योजून गेलो होतो. काळुरामने गाडी धुतली होती, बोनेटला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. दसऱ्याला हत्यारं पुजतात, वाहन पुजतात, ते चालतंय की नाही हे कोण विचारतो.

"वैनी, रिक्षा आणतो," मी म्हटलं. "उद्या थेट दारात उतरा. गाडीचं पुढं बघू."

"रिक्षा कोनाची?" मालूने विचारलं.

"गडबच्या पोराची."

तिने नकाराची मान हलवली. तिच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं आणि पायात त्या नव्या चपला. अंगणात येताना तिने त्या पहिल्यांदा घातल्या होत्या, चालताना अडखळत होती. तिने गाडीचं पुढचं दार उघडलं. दार बिजागरीतून निम्मं खाली आलं, ते काळुरामने धरून ठेवलं. ती आत बसली. सीट तेवढी शाबूत होती. पाठ टेकली, पदर सारखा केला, समोर बघितलं. मग पाय आत घेतले.

पाय टेकले ते जमिनीवर. पायाखालचा पत्रा कुठे होता? नव्या चपला अंगणातल्या ओल्या खाऱ्या मातीत घोट्याखालपर्यंत रुतल्या.

ती खाली वाकून बघत राहिली. रडली नाही. "कान्हू खोटं नाय बोलला," एवढंच म्हणाली.

माझ्या हातात आपट्याची पानं होती. ती कोणाला द्यावी कळेना. सोनं घ्या म्हणायचं आणि पान पुढे करायचं, हे त्या वेळी मला जमलं नाही. सगळं माझ्यामुळे झालंय असं तिला सांगावंसं वाटलं, पण सांगून तिचे पाय वर थोडेच येणार होते. मी ताडपत्री असा एक शब्द जास्त बोललो असतो तर ती उद्या निडीला उतरली असती. हे मला आजही रोज वाटतं.

काळुरामने दार माझ्या हातात दिलं. "धर जरा," म्हणाला. तो कुंपणाकडे गेला. तिथे गाडीवरून काढलेल्या पेंढ्याचा ढीग पडला होता. त्याने त्यातला दोन्ही हातांत मावेल तेवढा उचलला, ओला बाजूला काढून कोरडा निवडून घेतला, गाडीजवळ येऊन गुडघ्यावर बसला.

"पाय वर घे गो," तो म्हणाला.

तिने पाय उचलले. त्याने पेंढा तिच्या पायांखाली पसरला, थरावर थर, नीट दाबून, जसा राशीवर दाबतात तसा. मग तिच्या चपलांची माती पंच्याने पुसली आणि तिचे पाय त्यावर ठेवले.

मी दार धरून उभा होतो. या वेळी मी काही बोललो नाही.