नाक कोणीकडे?

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आमच्या फिजिक्सच्या सरांचं नाव घेईन. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. काटोलच्या मराठी शाळेतून मी नागपूरला आलो, तेव्हा वर्गात इंग्रजीतून चाललेलं काहीच डोक्यात शिरत नसे. चार महिने मी गप्प बसलो. चाचणीचा पेपर कोरा दिल्यावर सरांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं.

"पहिला धडा समजला नाही त तवाच बोलाचं होतं. चौथ्या धड्यावर येऊन काहून रडून राहिला?"

त्यानंतर रोज संध्याकाळी ते मला वऱ्हाडीत फिजिक्स शिकवू लागले. वर्गात त्यांचं इंग्रजी कडक इस्त्रीचं असे. प्रयोगशाळेत मात्र ते आमच्या गावच्या माणसासारखे बोलत.

सरांना रेडिओवर चालणाऱ्या विमानांचा नाद होता. रेडिओचा संच त्यांच्या मेहुण्यांनी परदेशातून आणून दिला होता. विमान आम्ही प्रयोगशाळेत बनवलं. आम्ही म्हणजे सर, मी आणि माझा एक वर्गमित्र. त्याच्या घरचं गांधीबागेत कापडाचं दुकान होतं, त्यामुळे पंखांवर ताणायचं पातळ रेशीम त्याच्याकडून आलं. रविवारी सकाळी शहराबाहेर, वाडी गावाच्या पलीकडच्या माळावर आम्ही विमान उडवत असू. इंजिनात एरंडेल मिसळलेलं इंधन जळायचं. तो वास सोमवारपर्यंत शर्टाला राही.

सरांचा एकच नियम होता. हवेत विमानाने जरा वेगळी हालचाल केली, आवाज बदलला, नुसती शंका जरी आली, तरी आधी खाली उतरवायचं. कारण जमिनीवर शोधायचं. ते सापडलं नाही तर त्या दिवशी उडवायचं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा प्रश्न. विमान वर असताना ते मध्येच विचारत, "सांग, नाक कोणीकडे?" विमान आपल्यापासून दूर जात असेल तर हातातल्या ट्रान्समीटरची काडी सरळ चालवायची. ते आपल्याकडे तोंड करून येत असेल तर त्याचं उजवं ते आपलं डावं होतं आणि हात उलटा चालवावा लागतो. शिकाऊ माणूस इथेच चुकतो. म्हणून सर आमची परीक्षा घेत. मी अभिमानाने उत्तर देत असे. सरांच्या प्रश्नाला चटकन उत्तर देता येणं हे माझ्यासाठी फार मोठं होतं.

दुसऱ्या वर्षी सरांनी पंखांची खालची बाजू भगव्या रंगाने रंगवून घेतली. मग त्यावर काळे पट्टे आले. विमान पूर्वीसारखं दूर जाईना, आमच्या डोक्यावरच घिरट्या घालू लागलं. प्रश्नही वाढले. मला वाटलं, आपला अभ्यास वाढला.

स्नेहसंमेलनात कॉलेजच्या मैदानावर विमान उडवायचं ठरलं होतं. मुलं, त्यांचे आईवडील, सगळे येणार होते. त्याआधीच्या रविवारी आम्ही सरावाला गेलो.

"सांग, नाक कोणीकडे?" सरांनी विचारलं.

माझा मित्र बुटाची नाडी बांधत होता. वर न बघताच तो म्हणाला, "वाडीकडे, सर."

वाडी समोर लांब होती, आणि नाक तर आमच्याकडे होतं. मी हसणार, तेवढ्यात सरांचा अंगठा हलला. मित्राच्या उत्तराप्रमाणे हलला. विमान भलत्याच बाजूला कलंडून ट्रकांच्या रस्त्याकडे घसरू लागलं.

"आपल्याकडे, सर! आपल्याकडे येऊन राहिलं!" मी ओरडलो.

सरांनी हात फिरवला. विमान कसंबसं वळलं आणि गवतात आदळत उतरलं. नाकावरचा फिरता पंखा मोडला, बाकी शाबूत होतं.

सर गुडघ्यावर बसून शेपटीच्या तारा ओढून बघू लागले. "तार ढिली झाली असन."

"हवा होती, सर," मित्र म्हणाला.

तार घट्ट होती, आणि हवा गवत हलवण्याइतकीही नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर संमेलनाचं मैदान आलं.

"सर, विमानात काही नाही," मी म्हणालो.

"मंग कशात आहे?"

गप्प बसून कोरा पेपर दिलेला मला आठवत होता.

"तुम्हाला नाक दिसलं नाही, सर."

मित्र पँटला चिकटलेली कुसळं काढू लागला.

"मी तुमची परीक्षा घेत होतो," सर म्हणाले.

"आधी घेत होता, सर. आता नाही."

सरांनी ट्रान्समीटरची अँटेना एकेक नळी आत ढकलत बंद केली आणि मित्राकडे बघून म्हणाले, "पाहा गा, मी शिकवलेला पोट्टा माह्याच पेपर तपासून राहिला." निघताना त्यांनी स्कूटरची किल्ली मित्राकडे टाकली. येताना ते स्वतः चालवत आले होते.

संमेलनात विमान टेबलावर ठेवलं होतं. मुलांना इंजिनाचा आवाज तेवढा ऐकवला. फेब्रुवारीत सरांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नंतर जाड चष्मा लावून ते उडवत, पण थोडा वेळ आणि जवळच. डोळ्यांना पट्टी होती तेव्हा मी परीक्षेच्या अभ्यासासाठी काटोलला होतो. तिथून त्यांना पाठवलेलं हे पत्र. बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, ते त्यांना वाचून दाखवलं.

ती. स्व. सरांना,
शिरसाष्टांग नमस्कार.
इकडे संत्र्याची तोड चालू आहे. बाबा तुमच्यासाठी करंडी पाठवत आहेत. मी त्या दिवशी बोललो त्याचा राग नसावा. तुम्ही मला बोलायला शिकवलं नसतं तर मी बोललो नसतो.
विमान प्रयोगशाळेच्या कपाटावर आहे. नवा पंखा बसवला आहे, तारा दोनदा तपासल्या. आम्ही दोघांनी ते उडवलेलं नाही. पट्टी सुटली आणि डॉक्टर हो म्हणाले की पहिल्या रविवारी तुम्हीच उडवा. मी शेजारी उभा राहीन. नाक कोणीकडे ते तुम्ही विचारल्याशिवाय सांगणार नाही. पण विचारा, सर.
आपला विद्यार्थी