जावयाची टोपी आणि चालतं मशीन

महागावातल्या एका जिममध्ये टोपी घालून व्यायाम करण्याचा प्रघात आहे आणि तो मी पाडला. यात माझं कर्तृत्व काही नाही. माझं फक्त डोकं वापरलं गेलं, तेही बाहेरून.

जिम माझ्या मेव्हण्याची, प्रशांतची. जागा सासऱ्यांची, म्हणजे त्यांचं जुनं कापसाचं गोदाम. मशीनं आली, आरसे लागले, पण कुलपाची चावी अजून सासऱ्यांच्या करदोट्यालाच होती. सकाळी ते स्वतः येऊन गोदाम उघडत, संध्याकाळी स्वतः लावत आणि मधल्या वेळात प्रशांतला एकच प्रश्न विचारत.

"हे लोखंड उचलाचं अन् परत तेथीच ठेवाचं. मंग उचलाचं कायले?"

प्रशांतकडे याचं उत्तर नव्हतं. (माझ्याकडेही नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच सासऱ्यांशी माझं एकमत झालं होतं. पण ते त्यांना कळवायची सोय नव्हती, कारण आमचं बोलणं बंद होतं.)

बोलणं बंद पडायला कारण टोपीच. माझ्या सासरी जावयाचा मान म्हणजे शेला, नारळ आणि पांढरी टोपी. नारळ पिशवीत जातो, शेला बायको घडी करून ठेवते, टोपी मात्र पंगत उठेपर्यंत डोक्यावर राहायला हवी. धाकट्या मेव्हणीच्या लग्नात, मे महिन्यात, पत्र्याच्या मंगल कार्यालयात मी ती काढली. नुसती काढली असती तर सासऱ्यांनी पोटात घातलं असतं. मी तिने वारा घेतला.

तेव्हापासून तीन वर्षं ते माझ्याशी माझ्या बायकोमार्फत बोलत. "सुनंदा, इचार त्यायले, वरन पाह्यजे का." मी समोरच बसलेलो, वरणाच्या पातेल्यापासून वीतभर अंतरावर.

अशात एका सकाळी प्रशांतचा वणीला, आमच्या घरी, फोन आला.

"जिजाजी, उद्घाटनाले तुमालेच या लागते. बाबा म्हनते, आपल्या घरी ट्रॅक्टर आला तं पह्यले जवाई बसला, बोरिंग लागलं तं बटन जवायानं दाबलं. जिम बी जवाईच चालू करन."

"अरे, पण ते माझ्याशी बोलत नाहीत."

"बोलाचं कोठी हाय? मान घ्याचा हाय. मानपान नीट झाला तं चावी माह्याजवळ देतो म्हनते. नाई तं गोदामात सोयाबीन भरतो."

"प्रशांत, मी वाचनालयात काम करतो. जड म्हणजे मी शब्दकोश उचलतो."

"तुमाले काईच उचलाचं नाई. टोपी घाला, चालाच्या मशीनवर दोन मिंट चाला, उतरा. बस."

सत्कार, शाली, हारतुरे यांवर मी आयुष्यभर टीका केली आहे. शिवाय मी कोळशाच्या गावात राहतो. आमच्याकडे पांढरी टोपी घातलेल्या माणसाला दुपारपर्यंतच मान असतो. पण प्रशांत भला मुलगा आहे. पुण्याची नोकरी सोडून आला होता आणि त्याचा सगळा डाव त्या एका चावीवर होता. मी हो म्हणालो. बसमध्ये सुनंदाने मला शेवटची सूचना दिली.

"आज टोपी डोक्यावरच राहिली पाहिजे. डोक्याचं काय करायचं ते मी नंतर पाहते."

गोदामात खुर्च्यांवर गावातली ज्येष्ठ मंडळी बसली होती. आरोग्यावर तीन भाषणं झाली. तिन्ही वक्त्यांना उठताना खुर्चीच्या हाताचा आधार लागला. मग सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर शेला घातला, हातात नारळ दिला (तो लगेच पिशवीत गेला) आणि डोक्यावर टोपी ठेवली. ती त्यांनी अंदाजाने आणली होती. माझ्या डोक्याबद्दलचा त्यांचा अंदाज पहिल्यांदाच वाजवीपेक्षा मोठा निघाला. टोपी थेट भुवयांवर येऊन बसली.

त्याआधी सासऱ्यांनी त्या चालायच्या मशीनची पूजा केली होती, ट्रॅक्टरची करतात तशीच साग्रसंगीत. झेंडूचा हार, अक्षता, उदबत्ती. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर स्वस्तिक काढतात. या मशीनला बॉनेट नसल्यामुळे त्यांनी सपाट जागा शोधली आणि ओल्या कुंकवाचं भलंमोठं स्वस्तिक काढलं. ती सपाट जागा बटणांची होती. बाजूला एक लाल दोरी लोंबत होती. चालणाऱ्याने ती कपड्यांना अडकवायची असते, म्हणजे तो मागे पडला की दोरी निघते आणि मशीन बंद होतं. सासऱ्यांना ती पूजेतलीच वाटली. त्यांनी तिची दांडीला पक्की निरगाठ मारून टाकली. आता ती ओढूनही निघणार नव्हती.

प्रशांतने पूजेआधीच मशीन सावकाश चालू करून ठेवलं होतं. आधी त्यावर कुंकू चढलं, मग मी चढलो. टाळ्या झाल्या. पहिलं मिनिट मी एखाद्या संस्थेच्या अध्यक्षासारखा चाललो. दुसऱ्या मिनिटाला टोपी डोळ्यांवर घसरली. ती सावरायला मी एक हात वर नेला, तोल गेला म्हणून दुसरा समोर टेकला. तो स्वस्तिकावर पडला. खाली वेग वाढवायचं बटण असावं, कारण पट्टा एकदम जोरात पळायला लागला. मी पुन्हा टेकलो. पट्टा पुन्हा माझ्या मदतीला आला.

"जवाई भलते दमदार हायत राजेहो," पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"प्रशांत, थांबव हे."

"बटन दिसून नाई राह्यलं जिजाजी. स्वस्तिकाखाली हाय."

"मग पूस ते."

प्रशांतने वडिलांकडे पाहिलं. सासरे म्हणाले, "ओल्या कुंकवाले हात नाई लावाचा."

(माझा तळहात तोवर दोनदा लागून गेला होता, पण मी जावई. जावयाला सूट असते.)

प्रशांत प्लग काढायला धावला. प्लग आरशाच्या मागे, आरशापुढे ज्येष्ठ मंडळी.

"काका, जराक उठता का जी?"

"कायले? जेवन लागलं का?"

"नाई, प्लग हाय मांगं."

"मंग असू दे ना. आमाले काई तरास नाई त्याचा."

इकडे मी धावत होतो. शेवटचा धावलो तो शाळेत, तोही वर्गातून. तिकडून सुनंदाचा आवाज आला, "अहो, टोपी!" मी म्हणालो, "माझा जीव..." ती म्हणाली, "टोपी सांभाळा आधी."

तेवढ्यात सासरे पुढे आले. कमरेला चावी लटकत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी थेट बोलले.

"जवाईबापू, घाई कायची हाय?"

बोलणं सुरू झालं होतं आणि माझ्याकडे उत्तर द्यायला श्वास नव्हता.

टोपी आता मागे उडायच्या बेतात होती. एका बाजूला दांडी, दुसऱ्या बाजूला प्रशांतची चावी. मी दांडी सोडली आणि दोन्ही हातांनी टोपी घट्ट धरली. पुढचं सगळं मशीनने केलं. मी गुडघ्यांवर आलो, पट्ट्यावरून मागे सरकत गेलो आणि तिथे पाहुण्यांसाठी आलूबोंड्यांची परात ठेवली होती, तिच्यात बसलो. प्लग त्यानंतर निघाला.

टोपी नाकापर्यंत आली होती, पण डोक्यावरच होती. सासरे जवळ आले. त्यांनी ती दोन बोटांनी वर केली, सरळ केली आणि मंडळींकडे वळून म्हणाले, "पाह्यलं? मानूस पडला, पन टोपी नाई पडू देल्ली."

मग त्यांनी करदोट्याची गाठ सोडून चावी प्रशांतच्या हातात ठेवली. पंगतीत वरणाचं पातेलं घेऊन ते स्वतः माझ्यासमोर थांबले. "जवाईबापू, वरन पाह्यजे का?" मी तीनदा घेतलं. सुनंदा पदराने डोळे पुसत होती. हसून की कशाने, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्येष्ठ मंडळी व्यायामाला आली, प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी. प्रशांतने ती काढून ठेवायला सुचवलं. "जवायानं पडतानी नाई काहाडली, आमी चालतानी काहून काहाडू?" असं उत्तर मिळालं. ती बॅच अजून चालू आहे. सासरे तिच्यात पहिले असतात. लोखंड उचलतात आणि परत तिथेच ठेवतात.

महिन्याभराने महागावच्या चौकात जिमचा फ्लेक्स लागला. त्यावर दोन चौकटी. 'आधी'च्या चौकटीत मी, परातीत बसलेलो, टोपी नाकापर्यंत. 'नंतर'ची चौकट रिकामी.

"ही रिकामी का ठेवलीस?" मी फोनवर विचारलं.

"तुमचीच हाय जिजाजी. तुमी बारीक झाले का फोटो टाकतो."

मला ते लागलं. वर्षभर मी पहाटे चाललो, पोहे सोडले, शब्दकोश दोन-दोन उचलले. पोट खरोखर कमी झालं. मोठ्या उमेदीने मी प्रशांतला कळवलं की फोटोला येतो.

"नका येऊ जिजाजी," तो घाईघाईने म्हणाला. "लोकं 'आधी' पाहूनच नावं लिहून राह्यले. तुमी आपले पह्यलेसारखे व्हा."

त्या दिवसापासून मी पोहे पुन्हा सुरू केले आहेत. सासुरवाडीच्या धंद्याचा प्रश्न आहे, जावयाने एवढं तर करायलाच हवं.