दुसरीच्या वाट्याची माफी

दवाखान्याच्या तळघरातल्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालणाऱ्या दोघी होत्या. एकीला सगळे ठसका म्हणत, कारण ती बोलली की समोरच्याला ठसका लागायचा. दुसरी गोगलगाय, कारण ती बोलायचीच नाही. दोघींनी चादरीची दोन-दोन टोकं धरायची, झटकायची, चालत एकमेकींपाशी यायचं, टोकं जुळवायची आणि परत मागे सरकायचं. अठरा वर्षं हेच चाललं होतं. "इतक्यांदा तर नवरा-बायकोही समोरासमोर येत नाहीत," असं ठसकाच म्हणायची. तिचा नवरा जाऊन चौदा वर्षं झाली होती, त्यामुळे हसावं की गप्प बसावं हे बाकीच्यांना कळत नसे.

मैत्रीचं मूळ सांगायला लाजण्यासारखं काही नाही. दोघींचंही एकेका माणसाने वाटोळं केलं होतं, आणि दोघींचीही ती माणसं मजेत होती. चहाच्या सुट्टीत ठसका आपल्या साहेबाला शिव्या घालायची आणि गोगलगाय मान हलवायची. मग गोगलगायीच्या दिरालाही ठसकाच शिव्या घालायची, कारण गोगलगायीला त्या नीट येत नसत.

ठसकाचा नवरा इथेच बॉयलरवर होता. झडप अडकते म्हणून त्याने तीनदा साहेबांच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं. चौथ्या दिवशी वाफेचा पाइप फुटला आणि एक माणूस भाजला. चौकशीत साहेब म्हणाले, "मला कोणी काही सांगितलंच नाही." नोकरी बॉयलरवाल्याची गेली. त्यानंतर दोन वर्षं तो खिडकीत बसून होता, आणि एक दिवस तिथेच गेला. साहेब बढती घेऊन, फुलं घेऊन, भाषणं ऐकून निवृत्त झाले. आता चौऱ्याहत्तरचे आहेत. सगळे दात स्वतःचे! रोज सकाळी ठसकाच्या दारावरून फिरायला जातात आणि हात वर करून विचारतात, "बरंय ना?" ठसका म्हणते, "बरंय," आणि दिवसभर त्या एका शब्दाने तिची जीभ कडू राहते.

गोगलगायीची गोष्ट चार वाक्यांची. नवरा वारला, त्याच महिन्यात सासूची सोन्याची साखळी नाहीशी झाली. दिराने भर गल्लीत हिलाच चोर ठरवलं आणि तीन वर्षांच्या लेकीसकट बाहेर काढलं. साखळी त्यानेच विकली असणार, हे हिला तेव्हाच कळलं होतं, पण विचारतो कोण? लेक मोठी झाल्यावर एकदा भांडणात बोलून गेली, "आई, खरंच नव्हती ना गं घेतलीस?" तेवढं सोडून गोगलगायीने कशाचीच तक्रार कधी केली नाही.

तर एका सोमवारी गोगलगाय कपड्यांची गाडी घेऊन लिफ्टपाशी उभी असताना स्ट्रेचरवरून तो दीर आला. अर्धं अंग लुळं, तोंड वाकडं, डोळ्यांत ओळख नाही. तिने खाली येऊन सांगितलं आणि धुलाईखान्यात जणू लग्न ठरलं. "देवाच्या काठीला आवाज नसतो!" "भरला घडा!" इस्त्रीच्या रोलरवरच्या बायका तिचे हात धरून अभिनंदन करायला लागल्या. कोणीतरी तिला स्वतःचा चहा दिला.

ठसकानेही अभिनंदन केलं, आणि करता करता तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हिचं देवाने ऐकलं. हिचं! जिला धड शापही देता येत नाही तिचं. मी चौदा वर्षं घसा कोरडा केला तर माझा म्हातारा गुलाबासारखा टवटवीत, आणि हिला घरपोच न्याय, तोही आपल्याच दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टची सोय. तिने मनातल्या मनात दोघांच्या वयांची वजाबाकी केली. दीर बासष्टचा. म्हणजे साहेबापेक्षा बारा वर्षं आधी! आता हिने निदान त्याचं सुख तरी घ्यावं? तर बाईसाहेब वर जायलाच तयार नाहीत.

"जाऊन बघ तरी त्याला," ठसका म्हणाली.

"कशाला? त्याने बोलावलंय थोडंच?"

"बोलवायला जीभ हवी ना? माझा असता तर मी रोज दोनदा गेले असते. खुर्ची घेऊन बसले असते!"

गोगलगाय म्हणाली, "चादर धर."

मंगळवारी ठसका स्वतःच गेली. धुतलेले गठ्ठे वॉर्डात पोचवायचं निमित्त होतंच. न्याय कसा दिसतो ते तिला एकदा डोळे भरून बघायचं होतं, दुसरीचा तर दुसरीचा. भिंतीकडची खाट होती. ती उशीची खोळ बदलायला वाकली, तसं त्याने चांगल्या हाताने तिचं मनगट धरलं.

"वहिनी," तो म्हणाला.

तिचाही गणवेश गोगलगायीसारखा निळाच होता, वयही तेवढंच. "मी ती नाही," एवढं म्हणायला काय जात होतं? पण तो रडायला लागला होता, आणि वाटोळं करून रडणारा माणूस तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला होता. ती खाटेच्या कडेला बसली. "माफ कर," तो म्हणाला. पुढे बराच वेळ बोलत राहिला. जीभ जड, निम्मे शब्द घशात. कान देऊन ऐकलं असतं तर सगळं कळलं असतं. ठसकाने डोळे मिटले आणि त्या आवाजाला साहेबांचं तोंड चिकटवलं. मग तिला सगळं स्वच्छ ऐकू आलं: चूक माझी होती, तुझ्या नवऱ्याने सांगितलं होतं, तीनदा सांगितलं होतं. तिने त्याचा हात थोपटला. "असू दे," म्हणाली. उठली तेव्हा तिला हलकं वाटत होतं.

खाली आल्याबरोबर सांगायचं, असं तिने जिन्यात ठरवलं होतं. गोगलगाय समोर आली, चादरीची टोकं हातात ठेवली, आणि ठसकाच्या मनात आलं, हिच्या माणसाला शिक्षाही मिळाली, वर हिला माफीही हवी? सगळं हिलाच? आजचा दिवस राहू दे माझ्याकडे. बुधवारही राहिला. गुरुवारी तिने ती माफी भाजी चिरताना मनात म्हणून पाहिली, शुक्रवारी अंथरुणावर पडल्या पडल्या. दर वेळी ती थोडी जास्त सुबक होत होती. साहेब आता चौकशीच्या टेबलापुढे उभे राहून बोलत होते.

शनिवारी सकाळी दीर गेला. रोलरवरच्या बायका म्हणाल्या, सुटला. गोगलगायीने हातातली घडी पूर्ण केली.

"लेक काल परत म्हणाली," ती म्हणाली, "जा आई, काही बोलला तर बोलला. मी म्हटलं, बोलायचं असतं तर बोलावलं असतं. एका शब्दाने जरी बोलावलं असतं ना, तर गेले असते मी."

ठसकाची जीभ पहिल्यांदाच जड झाली. "बोलला तो," ती म्हणाली.

"कोणाशी?"

"माझ्याशी. मला तू समजून. माफ कर म्हणाला. रडला."

"कधी?"

"मंगळवारी."

गोगलगायीने चार बोटं दुमडली, मंगळवार ते शुक्रवार, आणि परत उघडली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ठसका त्यासाठी तयार होती, तिची उत्तरंही तयार होती.

"साखळीचं बोलला?"

ठसकाने आठवायला सुरुवात केली. वहिनी. माफ कर. आणि पुढे? पुढे झडप होती, टेबल होतं, तीनदा सांगितलं होतं. तिने झडप उचलून बाजूला ठेवून बघितली, तर खाली काहीच नव्हतं. 'साखळी घेतली' म्हणाला होता की 'चूक केली'? मीच, असं काहीतरी होतं. की तेही साहेब म्हणाले होते?

"हो" म्हणणं सोपं होतं. पण अठरा वर्षं हातभर अंतरावर येणाऱ्या बाईला काय फसवायचं.

"नीट आठवत नाही गं," ती म्हणाली.

"पोरीला सांगायचंय मला. त्याच्याच शब्दांत." गोगलगायीचा आवाज नेहमीसारखाच होता. "आठव. मी थांबते."

तिने जोडी बदलून मागितली नाही, कोणाला काही सांगितलं नाही, डबाही शेजारीच बसून खाते. फक्त रोज सकाळी पहिल्या चादरीला, समोर आली की ती ठसकाच्या डोळ्यांत बघून विचारते, "आठवलं?" ठसका म्हणते, "नाही." दोघींच्या निवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत.