तक्त्यातलं प्रश्नचिन्ह

१९६१ सालचा ऑगस्ट, शनिवारची सकाळची शाळा, दहावीचा वर्ग. पटावर चाळीस, हजर सदतीस. तीन मुलं भातलावणीमुळे आली नव्हती. हे आकडे माझ्या लक्षात आहेत, कारण त्या दिवशी माझ्या आईबद्दल जे घडलं ते नेमक्या किती जणांसमोर घडलं, हे मी त्याच तासाला मोजून ठेवलं होतं.

शिकवत होते ठोसर मास्तर. साताऱ्याकडचे, एकटे राहणारे. ते आम्हाला शरीरशास्त्र शिकवत आणि मला ते कधीही आवडले नाहीत. कुणाला नावाने हाक मारत नसत. हजेरीचा नंबर हेच नाव. मी एकोणीस नंबर. आकृतीत पेन्सिलीने छाया भरलेली दिसली की वही खिडकीबाहेर जाई. "हे चित्र नाही, बेडकाचं हृदय आहे. कप्पे तीन. दाखव." पावसात वही आणायला जावं लागे आणि भिजली म्हणून पुन्हा दोन छड्या.

एकदा त्यांनी बांगडा आणून कल्ले उघडून दाखवले आणि मग तो फेकायला सांगितला. मागून आमचा गजा म्हणाला, "मास्तरांनू, माका द्या. आवस कढी करतली." गजाच्या आईच्या कढीवर वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. गजा तासभर बाकावर उभा.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुणी काहीही सांगितलं की विचारायचे, "पाहिलंस की ऐकलंस?" साप दूध पितो म्हणालास? पाहिलंस की ऐकलंस? ऐकलं म्हटलं की हात पुढे. आमच्यातले निम्म्याहून अधिक यामुळेच मार खात, कारण घरी ऐकलेलंच आम्हाला ठाऊक असे.

त्या शनिवारी मास्तर पुस्तकात नसलेलं शिकवत होते. आई-बापाचे गुण मुलात कसे उतरतात. आधी वाटाण्याची रोपं झाली, मग ते माणसांच्या डोळ्यांवर आले. काळा रंग प्रबळ, घारा दुर्बळ. आई-बाप दोघेही घारे असतील तर मूल घारंच होणार. फळ्यावर त्यांनी तक्ता आखला आणि एकेका नंबराला उभं करून विचारत सुटले. अठरा नंबरापर्यंत सगळं तक्त्यात बसलं.

"एकोणीस. तुझे काळे. वडिलांचे?"

"घारे."

"आईचे?"

"घारे."

त्यांचा खडू थांबला. "असं होत नाही."

"पण आहेत, सर."

"होत नाही." ते फळ्याकडे वळले आणि माझ्या ओळीत वडिलांच्या रकान्यात त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं. मग म्हणाले, "वीस."

ते परके होते हे मी लक्षात घेतो. आमच्या गावात निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला आणि बायका इथे. माझे वडील गोदीत कामाला होते, वर्षातून एकदा चतुर्थीला येत. अशा गावात मुलाच्या बापाच्या जागी प्रश्नचिन्ह काढलं तर त्याचं काय होतं, हे त्या माणसाला माहीत नव्हतं. विचारलंही नाही. मधल्या सुट्टीत गजाच मला म्हणाला, "काय रे, तुझो बापूस खंयचो?" सोमवारपर्यंत ते विहिरीवर पोचलं. "काय गो, झिलाचे डोळे कोणाचे?" असं एकीने माझ्यावरून विचारलं आणि आई घागर अर्धी भरून परत आली. मला तिने काही विचारलं नाही. तिला कुणीतरी सगळं सांगितलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात आकृत्यांच्या वह्या द्यायच्या होत्या. मी शेवटच्या पानावर लिहिलं, "वडिलांचे डोळे. सर, पाहिलेत की ऐकलेत?"

त्यांनी ते वाचलं. चार छड्या मारल्या. मग विचारलं, "वडील कधी येतात?"

"चतुर्थीला."

वडील कोल्हापूरमार्गे आमच्या जवळच्या कट्टा गावी उतरले आणि तिथल्या चहाच्या दुकानातच त्यांना सगळं कळलं. घरी आले, गणपती बसवला, पण आईशी बोलले नाहीत. दोन दिवस. जेवताना लागेल ते माझ्याकडे मागत आणि मधूनच माझ्या तोंडाकडे बघत राहत. ते बघणं मी अजून विसरलेलो नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारची आरती नुकतीच संपली होती. घरचे आणि शेजारचे मिळून चौदा माणसं होती. ठोसर मास्तर अंगणात येऊन उभे राहिले. खिशातून भिंग काढलं आणि वडिलांना म्हणाले, "जरा उजेडात या."

"तुमीच काय ते मास्तर?" वडिलांच्या मुठी वळल्या होत्या.

"हो. डोळे बघायचेत."

वडील का गेले ते मला सांगता येत नाही. त्यांनाही जाणून घ्यायचं असावं. मास्तरांनी दोन्ही डोळे बराच वेळ पाहिले. "हे पुरते घारे नाहीत. आत तपकिरी कडं आहे. तेव्हा मुलगा यांचा असू शकतो."

आई दारात होती. ती पुढे आली.

"शाळेत मोठ्यान सांगितलात मा? मगे हयसर पण मोठ्यान सांगा. 'असू शकता' न्हय. 'आसा' म्हणा."

"बाई, मी जे पाहिलं नाही ते म्हणत नाही."

"मी बघितलंय," आई म्हणाली. "माका विचारा."

मास्तरांनी भिंग खिशात घातलं. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मुलगा यांचाच आहे. बाईंनी सांगितलंय. मी न पाहता लिहिलं. चूक माझी."

आईने पानावर प्रसाद दिला. बसा म्हणाली नाही. ते उभ्यानेच खाऊन गेले. त्या दुपारी जेवताना वडिलांनी आईकडे मीठ मागितलं. ती मिठाचं भांडं घेऊन आली आणि ते त्यांच्या हातात न देता जमिनीवर ठेवून गेली.

सुट्टी संपल्यावर मला वाटलं होतं, मास्तर वर्गातही बोलतील. ते आले, हजेरी घेतली आणि गांडुळाचं शरीर सुरू केलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अकरावी झाली, मला त्यांच्या विषयात शंभरात एक्क्याऐंशी मिळाले. ते गाव सोडून गेले तेव्हा निरोपाला सगळी शाळा एस.टी.पाशी गेली होती. मी गेलो नाही.

आता माझी मुलगी शाळेतून काही ऐकून येते आणि सांगायला लागते. माझ्या तोंडून निघून जातं, "पाहिलंस की ऐकलंस?" मग माझाच मला राग येतो.

मास्तरांनी सदतीस जणांसमोर जे नेलं होतं, ते चौदा जणांसमोर परत केलं. केलं ते माझ्या आईला, आणि तेही तिने मागितलं तेव्हा. उरलेले तेवीस मी अजून धरून आहे.