भिंती लपवणारं बटण

संगणकावर मी केलेल्या इमारतीच्या मॉडेलमधल्या भिंती, फरशा, काँक्रीट एका बटणासरशी लपवणारा छोटा प्रोग्राम मी लिहिला. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिलीच, म्हणून मोठ्या तोऱ्यात वडिलांना, आप्पांना, दाखवायला बसले. आप्पांनी जन्मभर इमारतींच्या सळ्या बांधल्या. मी बटण दाबलं, तशा नुसत्या सळ्या उभ्या राहिल्या.

आप्पा पुढं वाकले. "कॉलमच्या बुडाशी रिंगा एवढ्या लांब लांब कुणी बांधल्या गं? तुझ्या कॉलेजनं?"

खरंच चुकलं होतं, आणि या मॉडेलचे नकाशे उद्या साइटवर जाणार होते. उभ्या सळ्यांना आवळून धरणाऱ्या त्या रिंगा मी तिथल्या तिथं जवळ जवळ घेतल्या.

काँक्रीट ओतलं की आप्पांचं काम झाकून जायचं. राहायला आलेल्यांनी रंग पाहिला, फरशी पाहिली. सळ्या कुणी पाहिल्या?

"आणू का भिंती परत?"

"थांब. बघू दे जरा."