मच्छरदाणीतला धूर

आरमोरीतल्या आमच्या घरमालकांसारखा प्रेमळ नवरा दोन जिल्ह्यांत सापडणार नाही, आणि त्यांच्यावर मी जितकी संतापले तितकी दुसऱ्या कुणावरही नाही. गाव त्यांना भाऊ म्हणतं, त्यांच्या बायकोला बाई. मी तंबाखूविरोधी पत्रकं वाटत गावोगाव फिरते आणि राहते मात्र बिडीच्या घरात. भाऊंचा दिवस चुलीतल्या निखाऱ्यावर पेटवलेल्या बिडीने सुरू व्हायचा. तोंड धुणं नंतर. एक बिडी ओठात, एक कानावर, आणि कानावरचीच विसरून घरभर शोधाशोध: "माही बिडी कोनं नेली वं?" बाई नुसतं त्यांच्या कानाकडे बोट दाखवायच्या. माझी पोस्टरं चिकटवायलाही तेच आले, तोंडात बिडी घेऊन. ठिणगी पडून चित्रातल्या फुप्फुसाला भोक पडलं, तर म्हणाले, "आता खरं दिसून राह्यलं!"

"भाऊ, तुमचा धूर अख्खं घर ओढतं," मी ओरडायची. "बिडी माह्या तोंडात हाय, पोरी. दुसऱ्याच्या छातीत काऊन जाईन?" खिडकी उघडली की धूर गेला, हे त्यांचं शास्त्र. खिडकीने धूर संपत नाही, दुसऱ्याच्या बिडीचा धूर हीसुद्धा बिडीच, असं मी पत्रकात ठळक छापलं होतं. त्याच पत्रकात ते बिड्या गुंडाळून ठेवायचे.

पण माझा खरा संताप मच्छरदाणीचा. लग्नानंतर लवकरच बाई हिवतापाने मरता मरता वाचल्या होत्या; भाऊंनी त्यांना बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं. तेव्हापासून डास हा त्यांचा जन्माचा वैरी. दिवेलागणीला बाई मच्छरदाणीत आडव्या झाल्या, की भाऊ कड उचलून आत डोकं घालायचे, चार दमदार झुरक्यांचा धूर सोडायचे आणि धूर निसटायच्या आत कड गादीखाली खोचायचे. "आता येऊन दाखव म्हना मच्छराले!" आतून खोकत बाई म्हणायच्या, "पुरे ना जी! त्याईच्या संगं मी बी जाईन." दोघंही हसायचे. असं वर्षानुवर्षं, एक संध्याकाळ न चुकता.

गेल्या हिवाळ्यात बाईंना अंगण झाडतानाही धाप लागू लागली. मीच दोघांना दवाखान्यात नेलं. तपासून डॉक्टरांनी विचारलं, "बाई, बिडी किती वर्षांपासून ओढता?" भाऊ ताडकन उठले. "माह्या बायकोले बिडीवाली म्हनून राह्यले? तिनं कदी हात नाई लावला! घरात ओढनारा मी एकटा..." बोलता बोलताच आवाज खाली गेला. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, बिडीचा धूर. माझ्याकडे तर किती वाक्यं तयार होती. मी पिशवीतली पत्रकं आणखी खाली दाबली.

भाऊंनी बिडी सोडली. म्हणजे मी जिंकले म्हणायचं. आता ते टॉर्च घेऊन मच्छरदाणीत शिरतात आणि एकेक डास टाळीत चिरडतात. बाई उशीला टेकून, दम घेत घेत त्यांना चिडवतात, "कान पाहा आधी, असन तिथं एखादी." परवा कड खोचता खोचता भाऊंनी विचारलं, "पोरी, तुह्या कागदात, आत गेलेलं भायेर काढाचं काई लिहून हाय का?"

"आता निदान वाढणार नाही, भाऊ," एवढंच मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग सवयीने पुन्हा कड उचलली, आत डोकं घातलं आणि नुसतीच फुंकर मारली.